बार फिरवू नका, प्लीज

वर एकीने लिहिलंय की निपल पिअर्सिंगचा बार (स्तनाग्र टोचून घालतात ती छोटी दांडी, टोकांना बॉल असलेली) रोज फिरवायचा नाहीतर चिकटून बसतो आणि स्पिरिटने पुसायचं. अगं नको! मीही सुरुवातीला हेच केलं, सकाळी बारच्या टोकाशी पिवळट-पांढरी खपली दिसायची ती पू समजून नखाने खरवडायचे आणि दरवेळी जखम परत उघडायची. तो पू नाही, सुकलेला स्राव असतो. ०.९ टक्केवालं स्टराईल सलाईन दिवसातून दोनदा मारायचं, खपली मऊ झाली की आपोआप निघते, मग टिश्यूने हलकेच टिपायचं. टॉवेल तर अजिबात नको, त्याचा धागा बॉलमध्ये अडकला ना की डोळ्यासमोर तारे चमकतात, अनुभवाचे बोल आहेत.

पिअर्सिंग करून घेताना गनने (टोचायच्या बंदुकीने) टोचणारा दिसला तर सरळ उठून या. सुई पाकिटातून तुमच्यासमोर काढलेली, आणि दागिना इम्प्लांट ग्रेड (शरीरात बसवायच्या दर्जाच्या) टायटॅनियमचा, सरळ बार, सूज येते म्हणून थोडा लांबच. रिंग नंतर घाला, हौस पळून जात नाही.

आणि दोन महिन्यांत दुखायचं थांबलं म्हणजे भरलं असं नाही हं, आत ९ ते १२ महिने लागतात. तोवर पोहणं नको, पार्टनरचं तोंड पण लांब (हो, सांगावं लागतं).

लाली पसरत चालली, हिरवट घाण वासाचा पू किंवा ताप आला तर डॉक्टर गाठा, पण बार स्वतःच काढू नका, भोक वरून बंद होऊन पू आत अडकू शकतो.