हवामान बेभरवशाचं आहे हे मान्य, मग शिखर मोहिमेत राखीव दिवस का नसतात?

सातारचा_वारा (धागाकर्ता)

मे-जूनच्या बॅचेसच्या जाहिराती फिरायला लागल्यात. फ्रेंडशिप, देव टिब्बा, कांग यात्से ही हिमालयातली शिखरं, जिकडे बघावं तिकडे तेच. खाली बारीक अक्षरात एक ओळ असते की हवामान खराब असेल तर समिट होईलच असं नाही आणि पैसे परत मिळणार नाहीत. त्या ओळीबद्दल माझं काही म्हणणं नाही, डोंगराची हमी कोण देणार. माझं भांडण वरच्या टाइमटेबलशी आहे. फ्रेंडशिपचंच घ्या, शनिवारी मनाली, मग सोलांग, धुंडी, बकरथाच करत लेडी लेगचा कॅम्प, तिथून रात्री समिट पुश म्हणजे माथ्यापर्यंतची शेवटची चढाई, दुसऱ्या दिवशी खाली आणि पुढच्या रविवारी घरी. मोकळा दिवस एकही नाही. म्हणजे ५२८९ मीटरच्या शिखरावर हवामानाने नेमक्या त्याच रात्री आपल्या सोयीने वागायचं, आणि नाही वागलं तर तंबूतल्या माणसांपुढे दोनच गोष्टी उरतात, रेटून जायचं नाहीतर सगळं सोडून द्यायचं.

लेडी लेगला मी स्वतः जे बघितलं ते सांगतो. रात्री साडेबाराला लीडरने तंबूची चेन उघडून हात बाहेर काढला तर हातावर साबुदाण्याएवढे बर्फाचे दाणे पडत होते, हेडटॉर्चच्या उजेडात पाच-सहा पावलांपुढचं दिसत नव्हतं. लीडर म्हणाला थांबू. लगेच शेजारच्या तंबूतून आवाज आला, "सर उद्या तर खाली जायचंय, मग जाणार कधी?" लीडर तासभर थांबला आणि शेवटी निघाला. धारेपर्यंत गेलो, पूर्ण व्हाइटआउट झालं, सगळीकडे नुसतं पांढरं, काही दिसेना, एकाच्या बोटांची संवेदना गेली, परत फिरलो. सगळे सुखरूप खाली आले हे महत्त्वाचं. पण दुसऱ्या दिवशी सकाळी आकाश निळंशार होतं आणि आम्ही सामान बांधत होतो.

आता जुन्या मोहिमा बघा. १९६० ला भारताची एव्हरेस्ट मोहीम शिखर जेमतेम दोनेकशे मीटर राहिलेलं असताना फिरली, १९६२ ची त्याहून जवळ जाऊन फिरली, दोन्ही वेळा हवामानामुळे. १९६५ ला एम. एस. कोहलींच्या टीमने एप्रिलअखेर पहिली चढाई लावली, हवामान बिघडतंय म्हटल्यावर सगळे बेस कॅम्पला उतरले, वाट बघत बसले, आणि २० ते २९ मे या दिवसांत नऊ जण शिखरावर जाऊन आले. थांबायला दिवस हातात होते म्हणून थांबले. एव्हरेस्टएवढे दिवस कोणी मागत नाहीये, पण मोहीम म्हणून पैसे घेताय तर निदान दोन राखीव दिवस धरा ना.

मुक्ता_ठाणे

अजिबात सहमत नाही. दिवस वाढवा म्हणणं सोपं आहे दादा, पण सुट्टी कोण देणार? मी नोकरी करते, मुलगी लहान आहे, ती माझ्या आईकडे ठेवून जाते, दोन रविवार जोडून नऊ दिवस काढणं हेच माझ्यासाठी वर्षभराचं नियोजन असतं. त्यात तुम्ही दोन दिवस वाढवले की खर्च वाढणार, सुट्टी वाढणार, आणि माझ्यासारख्या बायका सगळ्यात आधी गळणार. ज्यांच्याकडे वेळ आणि पैसा दोन्ही आहे त्यांनीच बर्फावर जायचं का?

दुसरं म्हणजे राखीव दिवस असला की सुरक्षित, हे कुठून आलं? माझा अनुभव उलटा आहे. दिवसच नसेल तर लीडर सरळ सांगू शकतो की झालं, आता खाली, आणि लोक हळहळतात पण ऐकतात. दिवस शिल्लक असला की माणसं वरच्या कॅम्पवर बसून राहतात, भूक मरते, झोप नाही, खाणं संपत येतं, आणि मग शेवटच्या दिवशी थकलेल्या अंगाने अर्धवट हवामानात निघतात कारण आता इतकं थांबलोय तर जाऊच. १९९६ ला एव्हरेस्टवर पैसे घेऊन क्लायंट नेणाऱ्या रॉब हॉलकडे दिवस नव्हते का? १० मे च होती, मे महिना अख्खा पुढे पडला होता. दुपारी दोनला परत फिरायचं असं बोलणं झालेलं असूनही त्याचा एक क्लायंट चारच्या सुमाराला शिखरावर होता, वादळ आलं आणि दोन्ही बाजूंची मिळून आठ माणसं गेली, त्यात उत्तरेकडून चढणारे आपल्या भारत-तिबेट सीमा पोलीस दलाचे तिघे होते. वेळ पाळली नाही म्हणून झालं ते, दिवस कमी होते म्हणून नाही.

सातारचा_वारा

मुक्ताताई, सुट्टीचा मुद्दा खरा आहे, तो मी उडवून लावत नाही. पण १९९६ चं उदाहरण तुम्ही दिलंत ते माझ्याच बाजूचं आहे. तो चार वाजता शिखरावर पोचलेला क्लायंट, डग हॅन्सन, त्याला आदल्याच वर्षी हॉलने शिखराच्या अगदी खालून परत फिरवलं होतं. टपाल खात्यात नोकरी करणारा माणूस, पुन्हा पैसे जमवून आलेला. त्याला दुसऱ्यांदा "फिर" म्हणणं किती जड गेलं असेल याचा विचार करा. कॅलेंडरवर मे महिना शिल्लक होता, पण त्या माणसासाठी तो एकच दिवस होता, कारण तो पुशच एकदा व्हायचा होता.

आणि त्याच सीझनला स्वीडनचा योरान क्रोप होता. घरापासून सायकलवर नेपाळला आलेला, स्वतःचं सामान स्वतः वाहणारा. मे च्या सुरुवातीला शिखर शंभरेक मीटरवर होतं, उशीर झाला म्हणून फिरला. पुढे २३ मे ला जाऊन आला, तेही कृत्रिम ऑक्सिजनशिवाय. परत येता येणार आहे हे माहीत असलं की पाय मागे घेता येतो एवढंच मी म्हणतोय.

वरच्या कॅम्पवर बसून माणूस खंगतो हे आठ हजारी शिखरांबद्दल शंभर टक्के खरं. लेडी लेग चार हजार मीटरच्या आसपास आहे हो, तिथे एक दिवस जास्त काढला तर अॅक्लमटायझेशन, म्हणजे शरीराला उंचीची सवय होणं, सुधारतंच.

ढगांचा_अभ्यास

हवामानाचं थोडं सांगतो कारण लोक मोबाईलवरचा अंदाज बघून फार निर्धास्त होतात.

ऐकायला विचित्र वाटेल पण एव्हरेस्टच्या माथ्यावरच्या वाऱ्याचा अंदाज मनालीजवळच्या छोट्या शिखरापेक्षा जास्त भरवशाचा असतो. तिकडे मुख्य खेळ जेट स्ट्रीमचा, म्हणजे खूप उंचावरून वाहणाऱ्या जोरदार वाऱ्याचा. मान्सून जवळ यायला लागला की तो वारा उत्तरेकडे सरकतो आणि माथ्यावर काही दिवस शांतता मिळते, तीच विंडो. ही मोठी हालचाल आहे, हवामानाच्या संगणकी मॉडेलला ती काही दिवस आधी दिसते. हिमाचलात पश्चिमी विक्षोभ (पश्चिमेकडून पाऊस-बर्फ घेऊन येणारी हवा) येतोय हे चार-पाच दिवस आधी कळतं, पण तो कुठल्या नाळेत किती वाजता ढग कोंबणार, बर्फ किती पडणार, हे मॉडेल सांगू शकत नाही, कारण त्याच्या नकाशात काही किलोमीटरचा एकच चौकोन असतो आणि त्यात धार, दरी, शिखर सगळं सपाट होऊन जातं. वर दुपारी ऊन तापलं की स्थानिक ढग चढतात ते वेगळेच. म्हणूनच रात्री एक-दोनला निघून सकाळी लवकर माथा गाठायचा आणि बर्फ मऊ पडायच्या आत खाली यायचं ही पद्धत पडली.

त्यात आपल्याकडे परवानगीशिवाय सॅटेलाइट फोन वापरता येत नाही. रेंज गेली की बऱ्याच बॅचेसकडे तीन दिवसांपूर्वी मनालीत बघितलेला अंदाज असतो. शिळ्या अंदाजावर समिटची रात्र आधीच ठरवून ठेवायची, हे मला झेपत नाही. त्यामुळे धागाकर्त्याशी सहमत.

फक्त एक. चांगला अंदाज मिळाला म्हणजे प्रश्न सुटला असं पण नाही. २०१९ ला मे च्या सुरुवातीला फनी वादळाने एव्हरेस्टवरच्या टीम खाली आणल्या, नंतर विंडो छोट्या मिळाल्या, नेपाळने परवाने ३८१ दिलेले, आणि अंदाज सगळ्यांकडे सारखाच. सगळे एकाच दिवशी वर. रांगेचा तो फोटो सगळ्यांनी पाहिलाय. त्या सीझनला एव्हरेस्टवर ११ माणसं गेली, आपली मराठी माणसंही होती त्यात.

जुना_कडा

मला दोघांचंही पटत नाही. मूळ दुखणं दिवसांचं नाही, शिखर विकायला काढल्याचं आहे. आमच्या वेळी क्लबची मोहीम असायची, पावसाळाभर सह्याद्रीत कडे चढायचे, बेसिक-अॅडव्हान्स कोर्स करायचे, रेशन स्वतः भरायचं, आणि दोन पोरं जरी माथ्यावर गेली तरी बाकी दहा जण खालच्या कॅम्पवर नाचायचे कारण शिखर टीमचं असायचं. त्या दहा जणांपैकी कोणी लीडरला "माझे पैसे" असं म्हणत नव्हता. पुण्याच्या गिरिप्रेमी संस्थेने २०१२ ला एव्हरेस्ट केलं, १५ मे २०१९ ला कांचनजंगावर दहा जण नेले, त्यामागे वर्षानुवर्षं एकत्र चढलेली माणसं आहेत. अशी टीम वर असली की लीडरच्या एका शब्दावर फिरते. एकमेकांना सोमवारी पहिल्यांदा भेटलेली माणसं शुक्रवारी रात्री दोरावर बांधायची आणि दोन दिवस वाढवून सगळं ठीक होईल म्हणायचं, हे नाही पटत.

आणि उत्तराखंडातल्या द्रौपदी का डांडा शिखरावरचा अपघात विसरू नका. ४ ऑक्टोबर २०२२. उत्तरकाशीच्या नेहरू गिर्यारोहण संस्थेचा अॅडव्हान्स कोर्स, निष्णात प्रशिक्षक, त्यात त्याच वर्षी एव्हरेस्ट आणि मकालू केलेली सविता कंसवाल. हिमप्रपातात सत्तावीस मृतदेह मिळाले, दोघं सापडलेच नाहीत. कसली घाई नव्हती तिथे, कोणी पैसे वसूल करायला आलं नव्हतं. हिमालय आहे तो. नियम करून त्याला सुरक्षित करता येत नाही आणि ज्याला हे मान्य नाही त्याने जाऊ नये.

मुक्ता_ठाणे

जुना_कडा काका, आदर ठेवून विचारते. क्लबमध्ये पावसाळाभर दर रविवारी डोंगरात असायचे त्यांच्या घरी पोरं कोण सांभाळत होतं? मला आज एजन्सीमुळे वर जाता येतं. क्लबची टीम चांगलीच असते, पण ते दार माझ्यासाठी कधी उघडंच नव्हतं. "मान्य नसेल त्याने जाऊ नये" हे तर मला फारच लागलं.

बकरथाच_बेस

मी मूळचा नाशिककडचा, सीझनला मनालीत गाइड म्हणून काम करतो, एजन्सीचं नाव घेत नाही. राखीव दिवस का नसतो ते आतून सांगतो कारण वर कोणीच ते बोललं नाही.

तंबू वर लावलेलेच असतात. तुम्ही समिट करून खाली उतरता त्याच दिवशी खालून पुढची बॅच वर यायला निघालेली असते. तुम्ही एक दिवस जास्त राहिलात तर त्यांना झोपायला तंबू नाही, स्लीपिंग बॅग नाही, किचनमध्ये रेशन नाही. म्हणजे लीडरने ठरवलं तरी थांबता येत नाही, जागाच नाही. बॅचेस अशा खेटून लावल्या की दर माणशी खर्च कमी बसतो आणि जाहिरातीतला आकडा स्वस्त दिसतो. मुक्ताताई म्हणतात ते परवडणं इथून येतं.

दुसरं, वर थांबलो तर पोर्टर, कुक, हेल्पर यांचीही रोजी वाढते आणि ती बऱ्याचदा मिळत नाही. शिखर कोणाचं यावर सगळे बोलतात, पण खराब हवेत पुढे जाऊन दोर लावणारा पोरगा गावातला असतो, त्याला समिट फोटो नको असतो, त्याला घरी जायचं असतं. आणि क्लायंटने "बाकीचे जातायत मग आपण का नाही" म्हटलं की लीडरवर दडपण येतं, कारण बॅच संपल्यावर रिव्ह्यू लिहिणार कोण? तोच क्लायंट. ऑफिसमध्ये मालक समिट किती झाले हेच विचारतो. बर्फ पडून गेल्यावर नवीन थर बसायला निदान एक दिवस द्यावा हे आम्हाला कोर्समध्ये पहिल्यांदा शिकवतात, तो दिवस टाइमटेबलमध्ये असतोच कुठे.

तर पैसे भरायच्या आधी विचारा की आमच्यामागची बॅच कधी वर येतेय. त्याच दिवशी येत असेल तर राखीव दिवस कागदावर लिहिलेला असला तरी तो खोटा आहे. जास्तीच्या दिवसाची स्टाफची रोजी कोण देणार तेही विचारा.

सातारचा_वारा

हे पाहिजे होतं! धन्यवाद भाऊ. काका, द्रौपदी का डांडाबद्दल कोणाला बोट दाखवायची माझी हिंमत नाही आणि इच्छाही नाही. सगळं नीट करून जो धोका उरतो तो पत्करायला मी तयार आहे, बारा वर्षांच्या पोरालाही मी हेच सांगतो. पण पुढची बॅच तंबूच्या दाराशी उभी आहे म्हणून मला वादळात काढायचं, हा धोका हिमालयाचा नाही, तो कोणीतरी ऑफिसात बसून तयार केलाय, आणि तो काढून टाकता येतो.

जुना_कडा

बॅचवाल्याचं वाचलं. पोर्टरच्या रोजीचं बोललास ते बरं केलंस. माझं मत तेच आहे, पण मुक्ता, तुझा प्रश्न रास्त आहे आणि त्याला माझ्याकडे उत्तर नाही. आमच्या घरी बायकोच सांभाळत होती.

मुक्ता_ठाणे

काका, एवढं बोललात तेच खूप.

बकरथाच_बेस, तुमचं वाचून मी ज्या एजन्सीत जूनसाठी चौकशी केली होती त्यांना आत्ता फोन केला. मागची बॅच त्याच दिवशी वर येते, सरळ सांगितलं त्यांनी. पण मग नऊ दिवसवाल्याने करायचं काय ते तरी सांगा. माझे दिवस काही वाढणार नाहीत.

बकरथाच_बेस

दिवस वाढत नसतील तर शिखर बदला ताई. नऊ दिवसांत सोलांगवरून पाताळसू करा, ४२०० मीटरच्या आसपास आहे, हवा बिघडली तर एक-दोन दिवस थांबून पुन्हा जाता येतं. उरलेल्या दिवसांत धुंडीच्या वर बर्फावर क्रॅम्पॉन (बुटाला लावायचे खिळे) आणि आइस अॅक्सचा (बर्फाच्या कुऱ्हाडीचा) सराव. फ्रेंडशिप पुढच्या वर्षी.

मुक्ता_ठाणे

पाताळसूला दोर लावावा लागत नाही, रात्रीची चढाई नाही, त्याने फ्रेंडशिपची तयारी कशी होणार? आणि पुढच्या वर्षी पण मला नऊच दिवस मिळणार आहेत. दोन राखीव दिवस धरणारी, बायकांची वेगळी बॅच कोणी काढत असेल आणि स्टाफची रोजी आधीच धरून पैसे घेत असेल तर मला सांगा, मी थोडे जास्त भरेन, जाण्या-येण्याला ट्रेनऐवजी विमान करून दिवस वाचवेन. शिखर मात्र बदलणार नाही.