पहिला आंतरराष्ट्रीय गोल करणारा जमीनदार: केनियन-स्लेनीचं कौतुक करावं का?

रानपाखरू (धागाकर्ता)

आंतरराष्ट्रीय फुटबॉलमधला पहिला अधिकृत गोल ज्याने मारला तो माणूस राजकोटात जन्मला होता. विल्यम केनियन-स्लेनी, जन्म २४ ऑगस्ट १८४७. वडील मुंबईच्या फौजेत घोडदळाचे कॅप्टन होते, आणि काठेवाडचा कारभार तेव्हा मुंबई इलाख्याकडे होता. पुढे पोराचं शिक्षण ईटन या बड्या घरच्या मुलांच्या शाळेत, मग ऑक्सफर्डला. १८६७ मध्ये तो ग्रेनेडियर गार्ड्समध्ये अधिकारी झाला. ८ मार्च १८७३ ला लंडनच्या ओव्हलवर इंग्लंड आणि स्कॉटलंड भिडले. आधीच्या नोव्हेंबरात ग्लासगोजवळ झालेला या दोघांचा पहिला सामना गोलशून्य सुटला होता. ओव्हलवर खेळ सुरू होऊन एक-दोन मिनिटं होतात न होतात तोच याने गोल केला, नंतर आणखी एक केला, आणि इंग्लंड ४-२ ने जिंकलं. तो त्याचा पहिला आणि शेवटचा आंतरराष्ट्रीय सामना.

त्याच महिन्यात वाँडरर्स या क्लबकडून खेळून त्याने एफए कप ही इंग्लंडमधल्या क्लबांची स्पर्धाही जिंकली. १८८२ मध्ये इजिप्तच्या मोहिमेत तेल-अल-कबीरच्या लढाईला हजर होता. श्रॉपशरमध्ये हॅटन ग्रेंज ही आजोळकडून आलेली जमीनदारी सांभाळली. १८८६ पासून १९०८ ला मरेपर्यंत सलग खासदार राहिला. एमसीसीकडून क्रिकेटही खेळला.

माझं म्हणणं सरळ आहे. खेळ हा आयुष्याचा एक भाग असतो, सगळं आयुष्य नसतं, हे या पिढीने जगून दाखवलं. दोन गोल मारले, बूट काढले आणि माणूस आपल्या कामाला लागला. त्या गोलांवर त्याने एक पैसा कमावला नाही. आज एकेका खेळाडूच्या बदलीच्या रकमेत आख्ख्या तालुक्याचं बजेट निघेल. अशा वेळी या हौशी परंपरेकडे आदराने बघावं असं मला मनापासून वाटतं. तुम्हाला काय वाटतं?

सूतगिरणी

आदर गुणाचा करावा, सोयीचा नाही.

तुम्ही लिहिलंत की त्याने एक पैसा कमावला नाही. त्याला पैशाची गरज कुठे होती? हॅटन ग्रेंजची जमीन कुळं कसत होती आणि खंड मालकाच्या घरी येत होता. मंगळवारी दुपारी सामना असला तरी याचं काय बुडणार होतं? लँकेशरच्या गिरणीतल्या विणकराला शनिवारची दुपार मोकळी मिळाली ती १८५० च्या फॅक्टरी कायद्यामुळे, तीसुद्धा दोन वाजल्यानंतर. त्याच्या आधी त्याने चेंडूला पाय लावायचा कधी?

तुम्हीच दिलेली यादी पुन्हा वाचा. गार्ड्समधली अधिकारपदं तेव्हा पैसे मोजून घेतली जात, ती पद्धत १८७१ मध्ये बंद झाली. म्हणजे हा फौजेत गेला तेव्हा ती चालू होती. खासदाराला पगार सुरू झाला १९११ मध्ये, हा गेल्यावर तीन वर्षांनी. फुटबॉलमध्ये तर पैसे घेणं १८८५ पर्यंत मान्यच नव्हतं. फौज, संसद, मैदान, तिन्ही दारांवर पाटी एकच: घरचं उत्पन्न असेल तरच आत या. त्याच माणसाने तिन्ही ठिकाणी विनामोबदला सेवा केली म्हणून त्याची पाठ थोपटायची, आणि त्याच पाटीमुळे जे बाहेर राहिले त्यांचं नावही घ्यायचं नाही, हे मला मान्य नाही.

हाफबॅक

सूतगिरणी, तुमचा राग समजतो. पण त्या दिवशीच्या खेळाकडेही जरा बघू या, नाहीतर हा धागा फुटबॉल सोडून सगळ्यावर होईल.

१८७३ चं ओव्हल डोळ्यांसमोर आणा. गोलला जाळी नाही, ती १८९१ ची. वर आडवी दांडी नाही, दोन खांबांच्या मध्ये नुसती फीत ताणलेली. पेनल्टी हा प्रकार अजून जन्मायचाय. गोल झाला की दोन्ही संघांनी बाजू बदलायच्या. इंग्लंडची रीत अशी की एकाने चेंडू पायात घेऊन सुटायचं आणि बाकीच्यांनी त्याच्या मागे झुंडीने धावायचं. त्याच्या पायातून निसटला की मागच्याने उचलायचा. खांद्याने जोरदार धक्का देणं हा रीतसर खेळ होता. तो पहिला गोल आला तो या धुमश्चक्रीत.

स्कॉटलंडचे लोक चेंडू एकमेकांना देत खेळायचे. पुढे वर्षानुवर्षं त्यांनी इंग्लंडला हरवलं ते याच जोरावर, आणि ही पद्धत रुजवली ग्लासगोच्या क्वीन्स पार्कने. क्वीन्स पार्क हासुद्धा पूर्णपणे हौशी क्लब होता. सूतगिरणी, ही गोष्ट तुमच्या मांडणीत बसत नाही. आजच्या फुटबॉलचा पाया म्हणजे पास. तो घडवणारे पैसे घेत नव्हते आणि ते सगळे ईटनचेही नव्हते.

आणखी एक मौज. त्या दिवशी स्कॉटलंडचा पहिला गोल करणारा हेन्री रेनी-टेलियर मसुरीत जन्मलेला. एकाच दुपारी दोन्ही देशांचं खातं हिंदुस्थानात जन्मलेल्यांनी उघडलं.

सूतगिरणी

हाफबॅक, क्वीन्स पार्कचं नाव काढलंत हे बरं झालं. १८७३ च्या त्याच सामन्याला ग्लासगोहून पूर्ण संघ आला नाही, कारण अकरा जणांचं रेल्वेभाडं क्लबला परवडेना. म्हणून उरलेल्या जागा इंग्लंडमध्ये राहणाऱ्या स्कॉट लोकांनी भरल्या. तुमचा रेनी-टेलियर त्यातलाच, रॉयल इंजिनिअर्सचा अधिकारी. लॉर्ड घराण्यातला आर्थर किनर्डही त्यातलाच. म्हणजे पास खेळणारे काही जण भाड्यापायी घरी राहिले आणि ज्यांचं लंडनमध्ये बस्तान होतं त्यांनी देशाचा शर्ट घातला. इंग्लंडच्या विजयाचं श्रेय मी काढून घेत नाही. पण ज्या सामन्याला आपण निखळ हौशी म्हणतो, त्यात कोण उतरणार हे तिकिटाच्या पैशावर ठरलं, एवढं तरी नोंदवा.

टेलफर्डकर

कामानिमित्त काही वर्षं श्रॉपशरमधल्या टेलफर्डला आहे. हॅटन ग्रेंज इथून जवळ, शिफ्नलच्या बाजूला. म्हणून या घराण्याबद्दल थोडं लिहितो, कारण वर ‘जमीनदार’ हा शब्द शिवीसारखा पडतोय.

केनियन-स्लेनीचे आजोबा, आईचे वडील, रॉबर्ट स्लेनी. तेही खासदार. औद्योगिक शहरांतल्या कामगारांना श्वास घ्यायला मोकळी जागा उरली नाही म्हणून १८३३ मध्ये संसदेची एक समिती नेमली गेली, तिचे प्रमुख हे स्लेनी. कामगार, त्याची बायको-मुलं यांना फिरायला, खेळायला सार्वजनिक जागा हव्यात, हे त्या समितीने संसदेपुढे मांडलं. इंग्लंडमधल्या सार्वजनिक बागांचा इतिहास सांगताना त्या अहवालापासून सुरुवात करतात. १८६२ मध्ये आजोबा गेले, जमीन मुलीकडे आली आणि केनियन कुटुंबाने आपल्या नावापुढे स्लेनी लावलं. ज्या घरातून नातवाला खंडाची मिळकत आली, त्याच घरातून कामगाराला मैदान द्या ही मागणीही आली होती.

तेव्हाच्या चांगल्या जमीनदाराकडून पुष्कळ अपेक्षा असायच्या: कुळांची घरं दुरुस्त ठेवणं, शाळेच्या आणि चर्चच्या कमिटीवर बसणं, न्यायदंडाधिकारी म्हणून काम बघणं. १८७० च्या दशकाअखेरीस अमेरिकेचा स्वस्त गहू बंदरांत येऊन ओतायला लागला, इंग्लंडमधले धान्याचे भाव पडले आणि ठिकठिकाणी खंडात सूट द्यावी लागली. १८८४ मध्ये शेतमजुरांनाही मत मिळालं. केनियन-स्लेनी १८८६ ला निवडून आला तो या मजुरांच्या मतांसकट, आणि बावीस वर्षं टिकला. गुप्त मतदान १८७२ पासून होतं. मजुराला तो नको असता तर पाडता आला असता.

१९०२ च्या शिक्षण कायद्यात त्याच्या नावाचं कलम आहे. चर्चच्या शाळांतलं धर्मशिक्षण एकट्या पाद्र्याच्या हातात न ठेवता शाळेच्या व्यवस्थापकांच्या हाती द्यायचं, असं ते कलम. पाद्री मंडळी भयंकर चिडली. तीच त्याच्या पक्षाची हक्काची माणसं होती, तरी तो मागे हटला नाही.

माळरान

टेलफर्डकर, माहिती मोलाची आहे. पण चांगला जमीनदार आणि चांगली जमीनदारी या दोन वेगळ्या गोष्टी. खोताचा वाडा कोकणात ज्यांच्या पूर्वजांनी बाहेरून पाहिला आहे त्यांना हे समजावून सांगावं लागत नाही. खोत दयाळू असेलही. कुळाचं पोट त्याच्या दयेवर असावं हाच मूळ आक्षेप. १८७२ मध्ये, म्हणजे ग्लासगोच्या त्या गोलशून्य सामन्याच्याच वर्षी, वॉरिकशरमध्ये जोसेफ आर्चने शेतमजुरांची राष्ट्रीय युनियन उभी केली. मालकाच्या दयेत भागत असतं तर ती उभी राहिलीच नसती.

आणि हौशीपणाचं म्हणाल तर पळवणकर बाळूंची आठवण काढल्याशिवाय मराठी माणसाने या विषयावर बोलू नये. ही क्रिकेटची गोष्ट आहे, पण हे इंग्रज साहेब त्याच शाळांतून, त्याच पलटणींतून आलेले. पुण्यात त्यांच्या जिमखान्यावर बाळू महिना चार रुपयांवर खेळपट्टीची निगा राखायचे आणि नेटमध्ये साहेबांना तासन्‌तास गोलंदाजी टाकायचे. फलंदाजीचा सराव फक्त साहेबांनी करायचा. हौस साहेबांची, राबणारा हात बाळूंचा. १९११ च्या इंग्लंड दौऱ्यावर याच माणसाने शंभरावर बळी घेतले. बाळू दलित. पुढे हिंदूंच्या संघाचं कर्णधारपद त्यांना कधीच मिळालं नाही, ते पाप मात्र आपलं स्वतःचं. पगार घेऊन खेळणारा हलका आणि न घेता खेळणारा थोर, ही समजूत आपल्या मातीत जातीला चिकटून किती खोल गेली ते पाहा, आणि मग हौशी परंपरेला हात जोडा.

रानपाखरू

माळरान, बाळूंबद्दल तुम्ही लिहिलंत त्यातला शब्द न् शब्द मान्य. त्यांच्यापुढे मी कुणालाही उभं करणार नाही.

तरी सूतगिरणींना एक विचारतो. ज्यांच्याकडे तेवढंच उत्पन्न होतं, असे शेकडो जण होते. त्यातले पुष्कळसे पत्ते, घोडे आणि कोल्ह्याची शिकार यांतच संपले. याला काही न करता बसता आलं असतं. तरी हा मैदानात धक्के खायला उतरला, लढाईवर गेला, आपल्याच गोटातल्या पाद्र्यांचा रोष पत्करला. सोय सगळ्यांकडे होती, तिचं काय केलं हे तरी माणसाच्या खात्यावर जमा कराल की नाही?

दुसरं. पैसे देण्याचा रस्ता उघडला कोणी? चार्ल्स अल्कॉक, एफएचा, म्हणजे इंग्लंडच्या फुटबॉल संघटनेचा सचिव, एफए कपची कल्पना ज्याची तो. तो हॅरो या ईटनसारख्याच शाळेचा विद्यार्थी, वाँडरर्सचाच खेळाडू. व्यावसायिकता कायदेशीर करा म्हणून तो एफएच्या बैठकांत भांडला आणि जुलै १८८५ मध्ये ते झालं. हौशी लोकांनीच दार उघडलं, हेही लिहा ना.

सूतगिरणी

अल्कॉकबद्दल मलाही आदर आहे. पण दार आतून अलगद उघडलं असं चित्र रंगवू नका.

१८८२ मध्ये एफएने नियम केला: प्रत्यक्ष खर्च आणि बुडालेली मजुरी यापलीकडे काही घेतलं तर कपमधून बाद. ३१ मार्च १८८३ ला अंतिम सामना झाला, मैदान तेच ओव्हल. एका बाजूला ओल्ड इटोनियन्स, म्हणजे ईटनच्या माजी विद्यार्थ्यांचा आणि केनियन-स्लेनीचा जुना संघ, त्याच्याकडून तो आधी कपसाठी खेळलेला. समोर ब्लॅकबर्न ऑलिम्पिक: विणकर, सूत कातणारे, प्लंबर, लोखंड कारखान्यातला कामगार. एका फाउंड्रीमालकाने पैसे घातले आणि हे लोक सामन्याआधी ब्लॅकपूलला जाऊन सराव करून आले. जादा वेळेत २-१ ने जिंकले. विजयी गोल मारला जिमी कॉस्टलीने, तो गिरणीत सूत कातायचा. त्यानंतर कप पुन्हा कधीही अशा जुन्या विद्यार्थ्यांच्या संघाकडे गेला नाही.

मग तक्रारी सुरू झाल्या. सराव करून आले, हा अप्रामाणिकपणा म्हणे! १८८४ मध्ये प्रेस्टन या क्लबला कपमधून काढलं, कारण त्यांच्या व्यवस्थापकाने, सडेलने, खेळाडूंना पैसे देतो हे उघड कबूल केलं. त्यावर उत्तरेतल्या क्लबांनी वेगळी संघटना काढण्याची तयारी केली, आणि तेव्हा कुठे १८८५ चा निर्णय आला. अल्कॉक शहाणा होता, वारं त्याने ओळखलं. वारं सोडलं गिरणीवाल्यांनी.

केनियन-स्लेनीच्या खात्यावर काय जमा करायचं विचारलंत. दोन गोल, लढाई, शाळांचं कलम, सगळं करा. फक्त ‘एक पैसा कमावला नाही’ हे जमेच्या बाजूला लिहू नका.

हाफबॅक

एक लहानशी भर. १८७३ चा तो कपचा अंतिम सामना लंडनच्या लिली ब्रिज मैदानावर सकाळी लावला होता, कारण त्याच दिवशी ऑक्सफर्ड-केंब्रिजची बोटींची शर्यत होती आणि लोकांना तीही बघायची होती. वाँडरर्सनी २-० ने हरवला तो संघही ऑक्सफर्ड विद्यापीठाचाच. आदल्या वर्षीचे विजेते म्हणून वाँडरर्सना थेट अंतिम फेरीत जागा. केनियन-स्लेनीने एक सामना खेळून कप जिंकला. याला मी त्याची चूक म्हणत नाही, पण कॉस्टलीच्या संघाने फेरीमागून फेरी जिंकत मिळवलेला कप माझ्या लेखी जास्त वजनाचा आहे.

टेलफर्डकर

यावर मीही हाफबॅकशी सहमत. पण माळरान यांना एवढंच सांगतो की खोतीची तुलना इथे पुरती बसत नाही. श्रॉपशरचं कूळ बहुधा मोठा शेतकरी असायचा, शंभरावर एकर कसणारा, स्वतः मजूर ठेवणारा. मालक, कूळ, मजूर अशी तीन पायऱ्यांची ती रचना. खरा दबला होता तो तिसऱ्या पायरीवरचा मजूर, आणि त्याची मजुरी जमीनदार नव्हे, कूळ ठरवायचं. आर्चच्या युनियनचा झगडाही रोजच्या रोज याच कुळांशी होता.

माळरान

तीन पायऱ्या मान्य. पण मजुराचं घर पुष्कळदा जमीनदाराच्याच मालकीचं होतं, आणि काम गेलं की घर जायचं. त्या मजुराचा मुलगा १८७३ मध्ये शनिवारी शेतावर होता. त्याला अर्धी सुट्टी देणारा कायदा झालेला नव्हता, कारण १८५० चा कायदा कापडगिरण्यांचा. मैदान त्याच्यापर्यंत पोचलंच नाही, ना आजोबांच्या समितीमुळे, ना नातवाच्या गोलमुळे. रानपाखरू, यावर तुमचं म्हणणं वाचायला आवडेल.