खोल्यांपेक्षा तारखा आणि गाड्या बघा

अहमदाबादला २०३० ची राष्ट्रकुल स्पर्धा आहे, तर आत्तापासूनच हॉटेलं बांधायला घ्यावीत, असं काहीजण म्हणतात. दहा-बारा दिवसांच्या गर्दीसाठी? नंतर त्या खोल्यांत राहणार कोण? कतारने २०२२ च्या फुटबॉल विश्वचषकाला बंदरात क्रूझ जहाजंच आणून उभी केली, केबिनची वस्ती उठवली. कितीतरी प्रेक्षक दुबईहून सामन्यापुरते विमानाने येऊन परत जात. आमच्या नंदुरबार जिल्ह्यातल्या सारंगखेड्याला दत्तजयंतीच्या यात्रेत तापीकाठी तंबू उभे राहतात, त्यातलाच हा प्रकार.

खरी मेख तारखांत असते. २०२३ च्या क्रिकेट विश्वचषकातला अहमदाबादचा भारत-पाकिस्तान सामना आधी १५ ऑक्टोबरला होता. त्याच दिवशी घटस्थापना, म्हणून १४ ला आणला. माझ्या भाच्याने अमळनेरहून १५ ची खोली तिप्पट भावाने धरून ठेवलेली, पैसेही आधीच भरलेले. लॉजवाला फोनवर म्हणे, "भाऊ, तारीख आम्ही थोडीच बदलली!" शेवटी पोरानं बॅग उशाला घेऊन स्टेशनवर रात्र काढली. असे पैसे परत करायचा नियम आधीच ठरला पाहिजे.

आणि त्याच विश्वचषकाचा अंतिम सामनाही अहमदाबादलाच, १९ नोव्हेंबरला, उत्तर भारतीयांच्या ऐन छठपूजेत! तेव्हा गावी जाणाऱ्यांमुळे सुरत-भुसावळ गाड्यांत पाय ठेवायला जागा नसते, हे नंदुरबारवाल्यांना सांगायला नको. जादा गाड्या हव्यात त्या इथे.

आपल्या वाट्याचं म्हणाल तर, दोन सामन्यांमधल्या मोकळ्या दिवशी पाहुणे जळगावमार्गे अजिंठ्याला नेता येतील. फक्त सोमवारी नका आणू, लेणी बंद असतात.