पुण्याहून घाट उतरून समुद्रापर्यंत : फोटोमागचे अनुभव लिहा

गेली अकरा वर्षं कॅमेरा घेऊन पुण्यातून पश्चिमेला उतरते आहे. दिवाळी जवळ आली की ओळखीचे लोक विचारू लागतात, ताम्हिणीने जाऊ की वरंध्याने, मुक्काम कुठे करू. रस्ते काय, नकाशातही सापडतात. तुमचा एखादा फोटो मिळाला किंवा हुकला, तेव्हा तिथे नेमकं काय घडत होतं, ते मला वाचायचं आहे. एकच अनुभव लिहिलात तरी चालेल, पण सविस्तर लिहा.

सुरुवात मी करते. फोटोसाठी पहाट, हे डोक्यात इतकं पक्कं बसलं होतं की पहिली चार वर्षं साडेचारला घर सोडायचे. घाटमाथ्यावर पोचावं तर समोरचा अख्खा कडा काळा. सह्याद्रीची उभी भिंत पश्चिमेकडे आहे आणि सूर्य तिच्या पाठीमागून वर येतो, हे शाळेत शिकलेलं मला कॅमेरा हातात असताना सुचलं नाही. कड्यावर ऊन चढतं ते दुपार कलल्यावर. आता सकाळ मुळशीच्या पाण्याकाठी घालवते आणि घाट दुपारनंतर उतरते. डिसेंबरात त्या पाण्यावर वाफेसारखं धुकं हलतं, ते आठ वाजेपर्यंत टिकतं. त्या पाण्याखाली गावं आहेत. ती वाचावीत म्हणून १९२१ मध्ये मुळशीचा सत्याग्रह झाला, सेनापती बापटांनी त्यात तुरुंगवास भोगला. मुळशीचा फोटो कुणाला दाखवला की मी हे सांगतेच.

कोथरूडहून

ताम्हिणी, जुलै. गाडीत एसी चालू, बाहेर नुसती ओल. धबधब्यापाशी उतरून लेन्सचं झाकण काढलं आणि काच पांढरी झाली. पुसली, परत पांढरी. रुमाल ओला, टी-शर्ट ओला, पुसायला कोरडं असं काहीच उरलं नाही. वीसेक मिनिटं छत्रीखाली कॅमेरा पोटाशी धरून उभा राहिलो. लेन्स बाहेरच्या हवेइतकी उबदार झाली तेव्हा वाफ आपोआप गेली, पण तोवर ढग खाली आले होते आणि धबधबा दिसेनासा झाला होता.

तेव्हापासून बॅग डिकीत ठेवतो, एसी तिथपर्यंत पोचत नाही. पौड सोडलं की एसी बंद. बॅगेत सिलिका जेलच्या पुड्या आणि दोन कोरडे पंचे असतातच. पोलरायझर फिल्टर मात्र पावसातही लेन्सवरून काढू नका. ओल्या पानांवरची पांढरी चकाकी तो कापतो आणि खालचा खरा हिरवा वर येतो. शटर अर्धा सेकंद पुरतं. त्याहून फार लांबवलं की पाण्याचा कापूस होतो, मला तो आवडत नाही.

सदाशिव पेठेतून

माझा अनुभव हरिहरेश्वरचा. देवळामागे कातळातल्या पायऱ्या उतरून प्रदक्षिणेची वाट समुद्राला लागते. तिथले खडक लाटांनी असे पोखरलेत की मधमाश्यांचं पोळं वाटावं. मला त्या खळग्यांत साचलेलं पाणी आणि त्यात मावळतीचा रंग हवा होता. शनिवार-रविवार गाठून निघाले, सोबत बाबा होते. साडेचारला तिवई खांद्यावर टाकून निघाले, तेवढ्यात ज्यांच्याकडे उतरलो होतो त्या काकू अंगणात सुपारी निवडत होत्या, त्यांनी हटकलं.

"तिथी कोणती आज?"

मला ठाऊक नव्हतं. बाबा म्हणाले, "अष्टमी."

"मग आठाची पाऊणपट किती?"

"सहा."

"सहाला भरती पूर्ण भरलेली असणार. खाली उतरू नका हो, लाट पायऱ्यांपर्यंत येते."

तिथीची पाऊणपट केली की भरतीची साधारण वेळ निघते आणि त्यानंतर सहा तासांनी ओहोटी. बाबांनी लगेच पंधराचा हिशोब मांडला. पुनवेला किंवा अवसेला भरती सव्वाअकराच्या सुमारास, म्हणजे ओहोटी संध्याकाळी सव्वापाचला, अगदी सूर्य टेकायच्या आधी. शिवाय तेव्हा उधाण, त्यामुळे पाणी हटतंही लांबवर. आम्ही त्या दिवशी वरूनच समुद्र पाहिला. मला हवा होता तो सगळा खडक पाण्याखाली होता आणि दर लाटेला पायऱ्यांच्या तोंडाशी फेस चढत होता.

मार्गशीर्षातल्या अवसेला परत गेले, रजा काढून. पाणी इतकं मागे गेलं होतं की एका खळग्यात मुठीएवढा खेकडा आणि वर नारिंगी आभाळाचा तुकडा, दोन्ही एकाच चौकटीत आले. पाठ समुद्राकडे करायची नाही आणि पाणी वळलं की निघायचं, हे दोन नियम तरीही पाळले. तिथले धोक्याचे फलक उगाच लावलेले नाहीत. हल्ली भरतीच्या वेळा मोबाईलवरही बघते, पण सहल ठरवताना आधी कालनिर्णय उघडते.

हडपसरहून

कास, सप्टेंबर. जागतिक वारशाच्या यादीत २०१२ साली पश्चिम घाट गेला, त्यात कासही आहे. जांभ्याच्या सड्यावर वीतभर माती, तीही काही ठिकाणी नाही, आणि एवढ्यावर हा सगळा फुलोरा उभा राहतो. सीतेची आसवं नखाएवढी असतात. त्यांचा फोटो घ्यायचा तर डोळा जमिनीला लागतो. मी पायवाटेच्या कडेला पालथा पडून काढत होतो आणि माझ्यापुढे एक टोळकं सेल्फीसाठी थेट फुलांत जाऊन बसलं. बोललो, वादही झाला. ते उठून गेल्यावर तिथे चपटी झालेली जागा राहिली. तिचाही फोटो काढला आणि ओळखीच्या सगळ्यांना पाठवला. वाटेवरून जे दिसत नाही त्याचा फोटो नसला तरी चालतो, निदान मी तरी आता तसंच करतो.

चिंचवडहून

माझ्याकडे फक्त मोबाईल आहे, तरी लिहिते. बागमांडल्याला गाडी जेटीत चढवली आणि सावित्रीची खाडी ओलांडून वेसवीला उतरलो. पुढे केळशी, आंजर्ले करत संध्याकाळी हर्णै. बंदरावर लिलाव चालू होता, मागे पाण्यात सुवर्णदुर्ग. ओल्या वाळूत पाट्या मांडलेल्या, सुरमईच्या पाठीवर निळसर चमक, आणि एक मावशी बोटांनी भाव सांगत होत्या. मी मोबाईल वर केला तर त्यांनी पदर ओढून तोंड फिरवलं. मला फार ओशाळल्यासारखं झालं. जवळ गेले, माफी मागितली, बांगडे घेतले. मावशींनी ते निवडून दिले, कापायचे कसे ते सांगितलं आणि मग स्वतःच म्हणाल्या, "आता काढ." त्या फोटोत त्या थेट माझ्याकडे बघताहेत. त्याची प्रत काढून पुढच्या खेपेला नेऊन दिली. जून-जुलैत मासेमारी बंद असते, तेव्हा बंदर बघायला जाऊ नका.

सदाशिव पेठ, तुमचा पाऊणपटीचा हिशोब मी वहीत उतरवून घेतला. मी इतकी वर्षं शनिवार बघून निघत होते! काही किनाऱ्यांवर मला एकदाही ओली, आरशासारखी वाळू का मिळाली नाही, ते आज कळलं. जुन्या फोटोंच्या तारखा काढून तिथी जुळवत बसले आहे. बहुतेक अष्टमी-नवमीच्या निघाल्या.

भोरहून

मी इथलाच. वरंधा घाटाबद्दल दोन गोष्टी सांगायच्या आहेत. पावसाळ्यात दरडी येतात आणि प्रशासन वाहतूक बंद करतं. तरी पुण्याहून गाड्या येतात आणि अडथळ्याशेजारून घुसायला बघतात. एका ऑगस्टमध्ये अशाच एका गाडीच्या पुढे दरड आली. माणसं वाचली, पण त्यांना काढायला गावातली पोरं अंधारात, पावसात गेली, त्यात माझा भाऊ होता. त्या रात्री आई झोपली नाही.

दुसरं, वळणावर गाडी लावू नका. धुक्यात मोठा दिवा लावला की समोर पांढरी भिंतच उभी राहते, येणाऱ्याला तुमची तिवई दिसत नाही. गाडी रुंद जागी लावा आणि चालत मागे या.

आणि या, जरूर या. पाऊस सरल्यावरचे पहिले पंधरा दिवस हवा धुतलेली असते. नीरा-देवघरचं पाणी काठोकाठ, उतारावर सोनकी, आणि दुपारी चारनंतर कड्यांच्या घड्या एकामागे एक मोजता येतात. मार्चमध्ये वणव्यांच्या धुरात त्यातल्या दोनच दिसतात. घाट उघडला की त्याच दिवशी इथे लिहीन.