गुरुत्वलहरींचा त्रिकोण: सूर्याभोवती की पृथ्वीभोवती?

शुक्रतारा: गुरुत्वलहरी (कृष्णविवरं आदळली वगैरे की अवकाशात उठणाऱ्या लाटा) टिपणारी युरोपची लिसा मोहीम २०३५ च्या सुमारास उडणार. लहरीनं यानांमधलं अंतर किंचित बदलतं, ते लेझरनं मोजायचं. तीन यानं, एकमेकांपासून २५ लाख किमी, आणि सगळा त्रिकोण सूर्याभोवती, पृथ्वीच्या मागे पाच कोटी किमीवर! चीनची तियानचिन योजना तोच त्रिकोण पृथ्वीभोवती, केंद्रापासून लाखभर किमीवर लावणार आहे. माझं मत तियानचिनला. स्वस्त, माहिती झटपट हातात, आणि यानं जागेवर न्यायला वर्ष घालवायला नको.

सप्तर्षी: जवळ आहे हेच तर दुखणं! चंद्र सतत ओढणार, पृथ्वीचा विषुववृत्ताजवळचा फुगवटा आहेच. त्यात त्रिकोणाचं प्रतल कर्क राशीतल्या एका श्वेत बटूंच्या (विझलेल्या ताऱ्यांच्या दाट गाभ्यांच्या) जोडीकडे तोंड करून (साडेपाच मिनिटांच्या आत एकमेकांभोवती फिरतात पठ्ठे). त्यामुळे वर्षातून दोनदा सूर्य त्या प्रतलात येऊन लेझर टिपणाऱ्या दुर्बिणीत डोकावतो. म्हणून तीन महिने काम, तीन महिने सुट्टी. कृष्णविवरं काय सुट्टी बघून आदळणार?

शुक्रतारा: लिसाचा त्रिकोण तरी कुठे ताठ आहे? बाजू टक्काभर कमीजास्त होतात, कोन अंशभर हलतात.

गणपतराव: हलतात, पण त्रिकोण टिकवायला इंजिन लागत नाही, ही खरी गंमत. प्रत्येक यानाची कक्षा किंचित लंबगोल (विकेंद्रता ०.००५ च्या आत), किंचित कललेली. पुण्याच्या आयुका या खगोलशास्त्र संस्थेतले संजीव धुरंधर आणि सहकाऱ्यांचा २००५ चा निबंध वाचा. विकेंद्रतेच्या पहिल्या घातापर्यंत (तिचे वर्ग, घन सोडून) हिशेब केला तर अंतरं बदलतच नाहीत. अशी प्रतलं दोनच: पृथ्वीच्या कक्षेशी +६० आणि −६० अंशांची. तुम्ही म्हणता ती हालचाल पुढच्या घातांतून आणि ग्रहांच्या ओढीतून येते.

खटपट्या: ग्रह म्हणजे मुख्यतः आपलीच पृथ्वी. आणखी मागे गेलं तर त्रिकोण शांत, पण रेडिओ संदेश क्षीण. पुढे आलं तर उलटं. वीसेक अंश (म्हणजे ते पाच कोटी किमी) मागे हा तडजोडीचा आकडा, त्यात दैवी काही नाही. बाजू असमान झाल्या की लेझरचा गोंगाट आपोआप कटत नाही. नोंदी मागेपुढे सरकवून तो गणितानं काढावा लागतो. ही कटकट दोघांनाही आहे.

शुक्रतारा: मग सुट्टीचंच दुखणं उरलं ना? दुसरा त्रिकोण काटकोनात उडवा. एक झोपला की दुसरा जागा.

सप्तर्षी: म्हणजे सहा यानं. आणि बाजू तरीही पावणेदोन लाख किमीच्याच, म्हणजे महाकाय कृष्णविवरांच्या संथ लहरींना लिसाइतका कान नाहीच. वर ‘स्वस्त’ म्हणत होतात ना?