नाकाजवळच्या कर्करोगावर प्रकाशाने जागे होणारे औषध चालेल का?

गोदाकाठ:
वडिलांच्या नाकपुडीलगतच्या काळसर गाठीची बायोप्सी झाली असून ‘पिगमेंटेड नोड्युलर बेसल सेल कार्सिनोमा’ (त्वचेच्या कर्करोगाचा रंगयुक्त, गाठीच्या रूपातला प्रकार) असे निदान आले आहे. डॉक्टरांनी शस्त्रक्रिया सुचवली आहे. परंतु चेहऱ्यावर व्रण नको म्हणून वडील फोटोडायनॅमिक थेरपीचा आग्रह धरून आहेत. नुसते मलम लावून प्रकाश सोडल्याने पेशी मरतात कशा, आणि या गाठीसाठी तो मार्ग योग्य आहे का?

परीक्षानळी:
पहिल्या प्रश्नापुरते लिहितो. मलमातील अमिनोलेव्ह्युलिनिक आम्ल किंवा त्याचे मिथाइल एस्टर स्वतः प्रकाशाला दाद देत नाही. पेशींमध्ये हीम (रक्ताला लाल रंग देणारे लोहयुक्त द्रव्य) तयार होण्याच्या साखळीतला तो आरंभीचा घटक असून, मलम लावून सुमारे ३ तास झाकून ठेवल्यावर पेशी त्यापासून प्रोटोपॉर्फिरिन बनवतात. त्यात लोह बसवण्याची पुढची पायरी कर्करोगाच्या पेशींत मंदावलेली असल्यामुळे हे द्रव्य तिथे अधिक साठते. मग ६३० नॅनोमीटरच्या आसपासचा लाल प्रकाश पडला की ते आपली ऊर्जा ऑक्सिजनला देते, आणि त्यातून निर्माण होणारा सिंगलेट ऑक्सिजन (ऑक्सिजनचे अतिशय क्रियाशील रूप) इतका अल्पायुषी असतो की जिथे जन्मतो तिथलीच पेशी जाळतो. या परिणामाचा पहिला धागा १९०० साली म्युनिकमध्ये ऑस्कर राब या विद्यार्थ्याला लागला: अ‍ॅक्रिडिनच्या द्रावणातले पॅरामेशियम हे एकपेशीय जीव उजेडात मरत होते, अंधारात तगत होते.

त्वचाचिकित्सक:
वरील विवेचन अचूक आहे. मात्र आपल्या वडिलांच्या बाबतीत याच यंत्रणेच्या मर्यादा आड येतात. मलम आणि प्रकाश दोन्ही त्वचेत साधारण २ मिलिमीटरपर्यंतच परिणामकारक पोहोचतात, तर नोड्युलर गाठ त्याहून खोल असू शकते. शिवाय गाठीतले मेलॅनिन हे गडद रंगद्रव्य प्रकाश शोषून घेते; भारतीय रुग्णांत बेसल सेल कार्सिनोमा बहुधा रंगयुक्तच आढळतो, ही बाब युरोपातील माहितीपत्रके वाचताना सहज निसटते. उथळ गाठींतही हा उपचार सर्वांत खात्रीचा नाही. नेदरलँड्समधील ६०१ रुग्णांच्या चाचणीत पाच वर्षांनंतर रोगमुक्त राहिलेल्यांचे प्रमाण फोटोडायनॅमिक थेरपीत सुमारे ६३ टक्के, तर इमिक्विमॉड या प्रतिकारशक्ती चेतवणाऱ्या मलमात सुमारे ८० टक्के होते.

गोदाकाठ:
आभारी आहे. आधी गाठ खरवडून मग प्रकाशोपचार केला, तर खोलीची अडचण दूर होणार नाही का?

त्वचाचिकित्सक:
पातळ नोड्युलर गाठींत तसे करतात, आणि आठवड्याच्या अंतराने दोन सत्रे देतात. प्रकाश सुरू असताना होणारी आग अनेकांना नकोशी होते, हेही वडिलांना सांगावे. परंतु नाकपुडीची घडी हा पुनरुद्भवाचा धोका अधिक असलेला भाग आहे. तिथे गाठीची मुळे वरून दिसतात त्याहून दूर पसरलेली असू शकतात, आणि प्रकाशोपचारानंतर कडा तपासायला ऊतकच हाती उरत नाही. म्हणून शल्यचिकित्सकांना दोन गोष्टी अवश्य विचाराव्यात: थरागणिक कडा सूक्ष्मदर्शकाखाली तपासत पुढे जाणारी मोह्‌स शस्त्रक्रिया उपलब्ध आहे का, आणि जखम गालाची त्वचा सरकवून भरता येईल का. तसे जमल्यास टाके नाक-गालाच्या नैसर्गिक रेषेत बसवता येतात, त्यामुळे वडिलांना वाटणारी व्रणाची धास्ती बरीच कमी व्हावी.