मॅकवरच्या व्हीएममध्ये एनव्हीडीए: इन्सर्ट कुठून आणू?

शब्दवेल
मंडळी, सल्ला हवाय. नव्या नोकरीत मॅकबुक एअर मिळालाय (एम सीरीजचा), पण हिशेबाचं सॉफ्टवेअर चालतं फक्त विंडोजवर. म्हणून व्हीएमवेअर फ्युजनमध्ये (मॅकच्या आत दुसरा आभासी संगणक, म्हणजे व्हीएम, चालवणारं ॲप) विंडोज ११ आणि त्यात एनव्हीडीए (विंडोजचा स्क्रीन रीडर, पडदा वाचून दाखवतो). मी पूर्ण अंध आहे, मॅकवर त्याचाच स्क्रीन रीडर, व्हॉइसओव्हर, वापरते.

एनव्हीडीएच्या कमांड इन्सर्ट (‘एनव्हीडीए कळ’) धरून द्यायच्या असतात, आणि मॅकबुकला इन्सर्ट नाहीच. एनव्हीडीएला कॅप्स लॉक दिलं तर मी दाबून धरलं तरी व्हीएमला ते लगेच सोडल्यासारखं पोचतं. कधी कमांड चालते, कधी नुसतं कॅपिटल सुरू होतं आणि पासवर्ड चुकतो.

अटी: मॅकवर काही टाकायचं तर आयटीच्या विनवण्या कराव्या लागतात, व्हीएमच्या आत मात्र मीच ॲडमिन. मराठी इनस्क्रिप्ट कळफलकावर टाइप करते. लॉगिन स्क्रीनवरही चाललं पाहिजे. खर्च हजाराच्या आत.

दादरचा_बाळ्या
ताई, सरळ सांगतो, विंडोज लॅपटॉप घ्या. पन्नास हजारांत उत्तम येतो. मी घेतला, सगळी कटकट संपली. वर जॉज या विकतच्या स्क्रीन रीडरचं लायसन्स घ्या, एनव्हीडीए फुकट आहे म्हणून लोक वापरतात.

सहाठिपके
बाळ्या, तिनं हजार लिहिलंय, तू पन्नास हजार वाचलंस. आणि फुकट म्हणून नाही, चांगला आहे म्हणून वापरतो आम्ही. २००६ पासून चालू आहे तो प्रकल्प.

शब्दवेल, मॅकवर कॅराबिनर-एलिमेंट्स घाल, कळा बदलायचं ॲप आहे. फुकट आहे, ओपन सोर्स आहे. त्यात कॅप्स लॉकला इन्सर्ट कर आणि ‘फक्त फ्युजन समोर असताना’ अशी अट लाव. मॅकमध्ये कॅप्स लॉक कॅप्स लॉकच राहतं. माझं असंच चालू आहे, कधी त्रास नाही.

शब्दवेल
कॅराबिनरला ड्रायव्हर एक्स्टेन्शनची परवानगी लागते ना? आमचे आयटीवाले ते ऐकूनच दचकले.

सहाठिपके
लागते. इनपुट मॉनिटरिंगचीही लागते. पण एकदा दिली की झालं.

टिकटिक_मास्तर
कॅराबिनर कशाला? मी फर्मवेअरवाला मेकॅनिकल कीबोर्ड घेतलाय, नऊ हजार पडले, पण प्रत्येक कळ हवी तिथे. मॅपिंग कीबोर्डच्या मेमरीत राहतं, त्यामुळे मॅक असो, व्हीएम असो, लॉगिन स्क्रीन असो, त्याला फरक पडत नाही. ब्राउन स्विच घ्या, ब्लू घेऊ नका, त्यांच्या खडखडाटानं ऑफिसात शिव्या पडतील.

शब्दवेल
त्याचं मॅपिंगचं ॲप स्क्रीन रीडरनं वापरता येतं का?

टिकटिक_मास्तर
ते बघावं लागेल. मी माउसनं कळा ओढून ठेवल्या.

सहाठिपके
म्हणजे नऊ हजार देऊन परत डोळस माणूस शोधायचा.

रातराणी_गोवा
मॅकवर काही इन्स्टॉल न करता करायचं असेल तर एचआयडीयूटिल नावाची कमांड मॅकमध्ये आधीपासून असते. टर्मिनलमधून कॅप्स लॉकचं इन्सर्ट करता येतं. रीस्टार्टनंतर मॅपिंग जातं, त्यासाठी लाँच एजंटची (लॉगिन होताच आपोआप चालणारी) छोटी फाइल करून ठेवायची. दोष एकच, मॅपिंग सगळ्या ॲपना लागू होतं, फ्युजनपुरतं नाही.

पाटलांचा_पोर
कॅप्स लॉक वापरा की. एनव्हीडीएमध्ये इन्सर्ट कॉन्ट्रोल के दाबून सेटिंग उघडा, तिथे कॅप्स लॉकवर टिक करा. सोपं आहे.

शब्दवेल
दादा, पहिली पोस्ट वाचा हो.

खटपट्या
मूळ गोंधळ समजून घ्या. कॅप्स लॉक ही कळ मॅक आधी स्वतः हाताळतो, तिची ‘चालू-बंद’ स्थिती ठरवतो आणि मग पुढे पाठवतो. व्हीएमला बदललेली स्थिती कळते, बोट किती वेळ कळीवर होतं ते कळत नाही. म्हणून मॅकच्या बाजूनं दुसरी कळ करा, किंवा विंडोजच्या बाजूनं दुसरीच कळ निवडा. तुमची अट बघता दुसरा मार्ग.

व्हीएममध्ये शार्पकीज (विंडोजवर कळा बदलायचं ॲप) टाका. डावीकडच्या यादीत ‘राइट विंडोज’, उजवीकडच्या यादीत ‘इन्सर्ट’ निवडा. ‘टाइप की’च्या बटणापेक्षा यादीतून निवडणं बरं, साध्या याद्या आहेत, एनव्हीडीए वाचतो. मग ‘राइट टू रजिस्ट्री’ आणि व्हीएम रीस्टार्ट. मॅकची उजवी कमांड विंडोजला उजवी विंडोज कळ म्हणून पोचते, ती आता इन्सर्ट झाली. डाव्या कमांडवर स्टार्ट मेनू राहतोच.

हे रजिस्ट्रीतल्या स्कॅनकोड मॅपमध्ये लिहिलं जातं, त्यामुळे लॉगिन स्क्रीनवरही लागू होतं. मायक्रोसॉफ्टच्या पॉवरटॉईजमधला कीबोर्ड मॅनेजरही कळा बदलतो, पण लॉगिन झाल्यावर सुरू होतो, तो तिथे उपयोगाचा नाही.

निशाचर
पॉवरटॉईज मी वापरतो, झकास आहे.

खटपट्या
झकास आहे, लॉगिन स्क्रीनवर नाही. तिथे एनव्हीडीए बोलायला हवा असेल तर त्याच्या जनरल सेटिंग्जमध्ये साइन-इनच्या वेळी सुरू व्हायचा पर्याय चालू करा. खाली सध्या सेव्ह केलेली सेटिंग्ज साइन-इन आणि सुरक्षित स्क्रीनवर वापरायचं बटण आहे, तेही दाबा.

दादरचा_बाळ्या
एवढा खटाटोप! विंडोज लॅपटॉपमध्ये इन्सर्ट जन्मतःच असते.

रातराणी_गोवा
सगळ्या विंडोज लॅपटॉपमध्ये नसते रे. माझ्या भावाच्या लॅपटॉपमध्ये एफएन धरून दाबावी लागते. सर्व्हिस सेंटरवाल्यानं कीबोर्ड बदलताना भलत्याच ले-आउटचा बसवला आणि वर म्हणाला, “कोण वापरतं इन्सर्ट?”

सहाठिपके
उजवी कमांडच का? उजवा ऑप्शन जास्त हाताशी आहे, तो करा इन्सर्ट.

खटपट्या
अजिबात नाही. उजवा ऑप्शन म्हणजे विंडोजचा उजवा ऑल्ट. इंग्लिश (इंडिया) ले-आउटवर रुपयाची खूण उजवा ऑल्ट आणि ४ ने येते. हिशेबाचं काम करणाऱ्या बाईची तीच कळ काढून घेणार?

जुनाट_टंकलेखक
इनस्क्रिप्ट कोण वापरतं अजून? फोनेटिक करा, मराठी रोमनमध्ये लिहा, सगळं सोपं.

शब्दवेल
इनस्क्रिप्टमध्ये मात्रा डाव्या हाताला आणि व्यंजनं उजव्या हाताला, बोटांना पक्कं पाठ आहे. ‘ष’ की ‘श’ यासाठी स्पेलिंग आठवत बसावं लागत नाही. हा वाद वेगळ्या धाग्यावर घालू या.

जुनाट_टंकलेखक
वाद नाही, अनुभव सांगितला. (फोनेटिकच चांगलं.)

अबोली९
कुणीच बोललं नाही म्हणून लिहिते. मी अशीच व्हीएम वापरते, आणि इन्सर्टपेक्षा मोठा त्रास दुसराच आहे. एनव्हीडीएमध्ये टेबलात फिरायला कंट्रोल ऑल्ट आणि बाण लागतात. मॅकवर तेच कंट्रोल ऑप्शन, म्हणजे व्हॉइसओव्हरची कळ! व्हॉइसओव्हर मधल्या मध्ये ते गिळतो आणि तुम्ही टेबलात अडकून पडता. हिशेबाच्या पानांवर हे रोज होणार.

दोन वाटा. एक, व्हीएममध्ये गेल्यावर कमांड एफ ५ नं व्हॉइसओव्हर बंद करायचा (तुमच्या सेटिंगप्रमाणे एफएनही धरावं लागेल). दुसरी, व्हॉइसओव्हर युटिलिटीत जनरलमध्ये व्हॉइसओव्हरची कळ फक्त कॅप्स लॉक ठेवायची. मग कंट्रोल ऑप्शन मोकळं होतं आणि सरळ विंडोजला जातं. काही इन्स्टॉल करावं लागत नाही, आयटीला विचारायचंही काम नाही.

आणि खटपट्या, उजव्या कमांडला अजून एक खोड आहे. एनव्हीडीए स्पेस (एनव्हीडीए कळ आणि स्पेस) दाबायला गेलं की स्पॉटलाइट, म्हणजे मॅकचा शोध, उघडतो, एनव्हीडीए टॅब दाबलं की मॅकचं ॲप बदलतं. एनव्हीडीए एस दाबलं तर फ्युजन त्याचं कंट्रोल एस करून फाइल सेव्ह करतो, बोलण्याचा मोड बदलतच नाही.

खटपट्या
बरोबर. फ्युजनच्या प्रेफरन्सेसमध्ये कीबोर्ड अँड माउस आहे, तिथल्या ‘की मॅपिंग्ज’मधल्या कमांडच्या जोड्या काढा आणि मॅक होस्ट शॉर्टकट्स बंद करा. हे लिहायला हवं होतं, पण मी ते पहिल्या दिवशीच बंद करून टाकतो.

अबोली९
होस्ट शॉर्टकट्स बंद केले की मॅकवर परत यायला कंट्रोल कमांड लक्षात ठेवा. नाहीतर माणूस विंडोजमध्येच राहतो.

पाटलांचा_पोर
फ्युजन विकत घेतलंय का? पॅरलल्स बरं.

निशाचर
फ्युजन २०२४ च्या नोव्हेंबरपासून सगळ्यांना फुकट आहे, ऑफिसच्या वापरालाही. डाउनलोड करायला ब्रॉडकॉमचं (व्हीएमवेअरची मालक कंपनी) खातं काढावं लागतं, तिथे डोकं फिरतं ते वेगळं. पॅरलल्सला पैसे पडतात. यूटीएम हे असंच तिसरं ॲप त्यांच्या साइटवरून फुकट मिळतं.

सहाठिपके
घरी जुना विंडोज लॅपटॉप पडलेला असेल तर व्हीएम सोडाच, त्यावरच काम कर. 

शब्दवेल
सगळ्यांचे आभार. अबोली, तुमचं टेबलाचं अगदी खरं निघालं. काल दुपारपासून त्यातच अडकले होते आणि दोष एनव्हीडीएला देत होते. व्हॉइसओव्हर कॅप्स लॉकवर टाकला, टेबलं चालू झाली.

इन्सर्टचं मात्र मी कुणाचंच ऐकलं नाही. उजव्या कमांडमागे स्पॉटलाइट आणि सेव्हची शेपूट बघून घाबरले. एक साधा यूएसबीचा आकडेवाला पॅड घेतला, साडेपाचशे रुपये. त्याच्या शून्याला नम लॉक बंद असताना एनव्हीडीए स्वतःची कळ मानतोच, मॅपिंगची भानगड नाही. शिवाय ७, ८, ९ नं ओळी, ४, ५, ६ नं शब्द, १, २, ३ नं अक्षरं. प्रशिक्षणात हेच शिकले होते, लॅपटॉपचा ले-आउट नव्यानं पाठ करायचा कंटाळा होता.

खटपट्या
मॅकला नम लॉक नसतं, हे माहीत आहे ना? पॅडवरचं क्लिअर व्हीएमला नम लॉक म्हणून जातं. आणि प्रवासात तो पॅड सांभाळत बसाल. शार्पकीज करून ठेवा तरी.

शब्दवेल
माहीत आहे. व्हीएम सुरू झाली की आधी क्लिअर दाबते, ‘नम लॉक ऑफ’ ऐकू आलं की कामाला लागते. प्रवासाचं प्रवासात बघू.

टिकटिक_मास्तर
पॅड मेकॅनिकल आहे का?